पेटी येते म्हणून संगीताचा तास गळ्यात पडलाय (चौथी ते सहावी) – मदत करा

पेटीमास्तर | ४ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी गणित-विज्ञान शिकवतो. पहिली ते सातवी, पट १३०च्या आसपास. गावच्या भजनी मंडळात पेटीची (हार्मोनियमची) साथ करतो, एवढंच माझं संगीत. अभंगामागे सूर धरायचा, गवळण आली की दोन जागा काढायच्या. विशारद-बिशारद काही नाही. यंदा वेळापत्रक करताना मुख्याध्यापक बाईंनी चौथी, पाचवी, सहावीच्या कलेच्या तासिकांतली एकेक 'संगीत' म्हणून माझ्या नावावर टाकली. "सर, तुम्हाला येतं ना." झालं.

तीन आठवडे झाले. चौथी मस्त आहे, काहीही म्हणायला सांगा, पोरं तुटून पडतात. पाचवीत निम्मी गातात. सहावीत मागच्या दोन बाकांवरची मुलं तोंडच उघडत नाहीत, आणि उघडलं तर नुसती घरघर. माझा आवाज काळी एकचा (म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा माझा सा), म्हणून पेटीही तिथेच. मी सारेगम म्हणतो, मुली बऱ्यापैकी मागे येतात, पण सहा मुलगे सा पासून नी पर्यंत एकच सूर धरून बसतात. मी "वर, अजून वर" म्हणत हात उचलतो, तर ते मोठ्यानं ओरडतात. वर म्हणजे जोरात, असाच त्यांचा समज!

साधनं म्हणाल तर गावकऱ्यांनी दिलेली एक जुनी पेटी, एक ढोलकी (एका बाजूची पुडी गेलेली), आणि मागितले तर देवळातले टाळ. बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू'मध्ये गायन-वादनाचे उपक्रम आहेत, चांगलेही आहेत, पण घरघर करणाऱ्या पोराचं काय करायचं ते त्यात नाही.

मुलांना गायक करायचं नाहीये. पण ३५ मिनिटं नुसती समूहगीतं घोकून घेणं म्हणजे संगीत शिकवणं, हेही मनाला पटत नाही. कुठून सुरुवात करू?

---

तिरकिट_धा | ४ जुलै, रात्री १०:२०

पहिला नंबर!

मास्तर, सुरांचं नंतर बघा, आधी लय. दहा वर्षांच्या पोराला गायला लाज वाटते, बडवायला वाटत नाही. बाकं आहेत ना? मग ढोलकीची पुडी गेली तरी चालतंय.

केरवा ताल घ्या, ८ मात्रा. धा गे ना ती, न क धि न. आधी तोंडानं, मग मांडीवर, मग बाकावर. पटापट पुढे पळू नका. आठवडाभर एकच ठेका, फक्त लय बदलायची. विलंबित ठेवलं की यांची खरी परीक्षा. कुठलंही पोर संथ लयीत धीर धरत नाही, चौथ्या आवर्तनापर्यंत (तालाच्या चौथ्या फेरीपर्यंत) अख्खा वर्ग बैलगाडीवरून एस्टीत बसलेला असतो.

मुकी मात्रा खेळा. सगळ्यांनी १ ते ८ मोजायचं, पण ५ मनातल्या मनात. मग ५ आणि ६. मग १ सोडून सगळं मनात, फक्त समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला टाळी. ज्या दिवशी चाळीस हात एकदम समेवर पडतील त्या दिवशी मला सांगा.

---

सुमन_नाशिक | ५ जुलै, सकाळी ७:१५

मास्तर, मी ३१ वर्षं शाळेत संगीत शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचं वाचून हसू आलं, कारण माझ्या पहिल्या वर्षी मीही मुलांनाच नावं ठेवत होते.

तुमची पट्टी, म्हणजे सा धरायची जागा, चुकली आहे. मुलं चुकलेली नाहीत.

काळी एक ही पुरुषाच्या आवाजाची सोय. या वयाच्या मुलाचा गळा तुमच्याहून साधारण एक सप्तक वर चालतो. तुम्ही खाली म्हणता, मुली आपोआप वरच्या सप्तकात जाऊन म्हणतात, त्यांना सवय असते. पण काही मुलगे तुमचा सूर जसाच्या तसा घ्यायला जातात. तिथे त्यांच्याकडे आवाजच नाही. विहिरीत वाकून बघितल्यासारखी मान घालतात आणि तळाला घरघरतात. तुम्ही जितके मोठ्यानं गाल तितकी ती जास्त खाली जातील.

पेटी काळी चार किंवा काळी पाचला आणा. गाणं सा ते प एवढ्यातच फिरत असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी एकसुद्धा चालेल. तुम्हाला तिथे गाणं जड जाईल. मग गाऊ नका! ज्या मुलीचा सूर पक्का आहे तिला पुढे उभं करा आणि मुलांना तिच्यामागे म्हणू द्या. मोठ्या माणसाच्या आवाजापेक्षा आपल्या वयाच्या आवाजाचा सूर मुलाला लवकर सापडतो. वर्गात एखादा मुलगा सुरेल असेल तर त्याहून बरं, मागच्या बाकावरचे त्याचं ऐकतील.

आणि "वर" म्हटल्यावर ओरडतात, तो दोष आपल्या भाषेचा. 'आवाज चढवू नकोस' म्हणतो तेव्हा आपल्याला काय म्हणायचं असतं? मोठ्यानं बोलू नकोस. 'वरच्या आवाजात भांडत होते' म्हणजे जोरात. मुलानं बरोबर तेच ऐकलं. त्याला आधी उंच आणि मोठा हे दोन वेगळे आहेत हे दाखवावं लागतं. मी मांजर आणि म्हैस घ्यायचे. मांजर हळू बोलली तरी उंच, म्हैस कितीही जोरात हंबरली तरी खाली. आता म्हशीसारखं हळू, आता मांजरीसारखं जोरात, असं उलटसुलट करून घ्यायचं. सहावीची मुलं "आम्ही काय बालवाडीत आहोत का" म्हणतील. मग रिक्षा आणि मोटारसायकल घ्या.

---

पेटीमास्तर | ५ जुलै, दुपारी १:०५

ताई, दंडवत. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्याच तासाला सहावीवर काळी चार लावून पाहिली. मला खरंच गाता येईना, पंचमाला (प ला) जाताना गळ्याच्या शिरा ताणल्या आणि पोरं हसली. पण एका मुलीला पुढे केल्यावर सहातले दोघं लगेच सुरात आले. एवढ्यात! मी तीन आठवडे त्यांना 'लक्ष नाही तुमचं' म्हणत होतो.

राहिले चौघं. त्यांचं काय?

---

सुमन_नाशिक | ५ जुलै, संध्याकाळी ६:४०

त्यांना तुमच्या सुरावर आणायची घाई करू नका. तुम्ही त्यांच्या सुरावर जा.

एकेकाला पेटीजवळ बोलवा, पण सगळ्या वर्गासमोर 'आता हा गाणार' असं करून नव्हे. बाकीच्यांना वहीत काहीतरी द्या. त्याला म्हणा, हाक मार. लांब शेतात असलेल्या माणसाला मारतात तशी. "एऽऽ दादाऽऽ". त्या हाकेत जो सूर येईल तो पेटीवर शोधा आणि दाबून धरा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कानावर पडतं की माझा आणि पेटीचा आवाज एक झाला. चेहरा बघा त्या वेळी. मग शेजारची पट्टी, मग तिच्या शेजारची. पायरी पायरीनं. दोन-तीन मिनिटांच्या वर नको. काहींना महिना लागतो, काहींना वर्ष. हाकेतला आवाज बहुतेक वेळा बोलण्यातल्या आवाजापेक्षा वरचा असतो, म्हणून हाक.

आणखी एक, सतत पेटी वाजवत गाऊन घेऊ नका. पेटी मोठी, मुलांचा आवाज लहान. तुम्हाला वाटतं वर्ग सुरात आहे, प्रत्यक्षात पेटी सुरात असते. फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावा, सूर द्या आणि वर्गात फिरा. कान प्रत्येक बाकापाशी न्या.

---

रियाज_हवाच | ५ जुलै, रात्री ८:३०

मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

मांजर-म्हैस ठीक आहे, पण चौथी-पाचवी हे वय पाया घालायचं असतं. अलंकार (स्वरांचे पलटे), दहा थाट (रागांची वर्गवारी करणारे स्वरांचे संच), पाच-सहा रागांचे आरोह-अवरोह, ताललिपी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा या वयात आरामात होते. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तकं दिली, ते सगळं संगीत चार भिंतींच्या बाहेर यावं म्हणूनच ना? मग शाळेत आपण ते सोडून रिक्षा-मोटारसायकल का खेळायचं? मुलांना कमी लेखू नका. दहाव्या वर्षी अलंकार पाठ झालेलं मूल साठाव्या वर्षीही ते विसरत नाही.

---

तिरकिट_धा | ५ जुलै, रात्री ८:५०

अहो पण पलुस्करांकडे जो यायचा तो गाणं शिकायलाच यायचा की. मास्तरांच्या वर्गात जो आहे तो तिथे आहे कारण दुसरीकडे जायची सोय नाही.

---

सुमन_नाशिक | ६ जुलै, सकाळी ७:३०

रियाज, राग कशाला मानू. मी स्वतः परीक्षांना मुली बसवल्यात, शेकड्यांनी. पण त्या शाळा सुटल्यानंतरच्या वर्गाच्या. वर्गातल्या साठ जणींचा हिशेब वेगळा. थाटांची नावं पाठ असलेल्या आणि सा न लावता येणाऱ्या मुली मी तयार केल्यात, तो माझाच अपराध. आधी कानात आणि गळ्यात, मग नावं. नाव शेवटी.

अलंकार नकोत असं मात्र मी म्हणत नाही. सात स्वरांचे नकोत, पाचांचे घ्या. भूप राग. सारेग, रेगप, गपध, पधसां. म आणि नी नाहीत, त्यामुळे अर्ध्या अंतराच्या अडचणीच्या जागा नाहीत, मूल कुठेही गेलं तरी कानाला खुपत नाही. भूप झाला की त्यातला ग काढून म घाला, दुर्गा रागाचे स्वर झाले. एकाच स्वरानं अख्खं गाणं कसं पालटतं ते मुलांना तिथे कळतं, आणि 'राग म्हणजे काय' याचं व्याख्यान वाचतं.

---

जर्सीची_काकू | ६ जुलै, सकाळी ८:१०

आत्ता इथे रात्र आहे, पण भूपाचं वाचून लिहिल्याशिवाय झोप येईना.

मी न्यू जर्सीतल्या सरकारी प्राथमिक शाळेत साहाय्यक म्हणून काम करते, संगीताच्या तासालाही असते. इथे 'जनरल म्युझिक' म्हणून विषयच आहे, सगळ्या मुलांना, गाता येवो न येवो. आमच्याकडे ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या पद्धतीचे लाकडी झायलोफोन आहेत. प्रत्येक पट्टी सुटी, उचलून बाजूला ठेवता येते. बाई पहिल्या दिवशी काय करतात? एफ आणि बी (सी हा सा धरला तर म आणि नी) या दोन पट्ट्या काढून घेतात. उरतं सी, डी, ई, जी, ए. मी मागे बसून मनात म्हटलं, अगं बाई, हा तर पांढरी एकचा भूप! मुलांना सांगायचं, आता मनाला येईल ते वाजवा. वीस मुलं वीस गोष्टी वाजवतात आणि तरी कर्कश होत नाही. कारण सुमनताईंनी सांगितलं तेच.

दुसरं, कोडायची पद्धत. झोल्टान कोडाय हंगेरीचा संगीतकार (१८८२–१९६७). तिथे स्वरांना हाताच्या खुणा आहेत, मूळच्या कर्वेन नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या. डो (त्यांचा सा) कमरेपाशी मूठ, वरचा डो कपाळापाशी, मधले स्वर मधे. मास्तर, तुमच्या 'वर'चा गोंधळ याने सुटेल. सा पोटाशी, प हनुवटीशी, वरचा सां डोक्याशी. आवाज हळू आणि हात वर, असं दोन्ही एकदम करून घ्या. गंमत म्हणजे त्यांना 'डो कुठल्याही पट्टीत हलवता येतो' हे वेगळं शिकवावं लागतं. आपला सा जन्मापासून हलता.

चौथीत रेकॉर्डर असतो, प्लॅस्टिकची तोंडानं वाजवायची बासरी. पहिले तीन स्वर बी, ए, जी, फक्त डाव्या हाताची बोटं. पंचवीस मुलांनी एकदम फुंकलं की काय होतं ते लिहिण्यासारखं नाही. आमच्या बाई कानात बोळे घालतात. त्यामुळे इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. पाचवीतले मुलगे इथेही मागच्या रांगेत तोंड मिटूनच बसतात.

---

खर्जातला_बेडूक | ६ जुलै, दुपारी १२:२०

मी तो मागच्या बाकावरचा.

पाचवीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मला शेवटच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट सुटल्यासारखं झालं. पुढे पंचवीस वर्षं मी आरतीला टाळ्या वाजवणारा माणूस. आरतीत गाणारे, टाळ्या वाजवणारे आणि प्रसादावर डोळा ठेवणारे असे तीन वर्ग असतात, मी दुसऱ्या-तिसऱ्याच्या सीमेवर.

आता मुलगा चौथीत आहे, तोही तसाच. काल सुमनताईंचं वाचून त्याला गच्चीवर नेलं आणि हाक मारायला लावली. बायकोच्या फोनवर पेटीचं ॲप. त्याचा सूर सापडला. मग तो म्हणाला, बाबा आता तुम्ही. माझाही सापडला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

---

तिरकिट_धा | ६ जुलै, दुपारी १२:४५

खिडकी लावली म्हणजे आवाज पोचला. पुढच्या चतुर्थीला पहिल्या वर्गात प्रमोशन.

---

माडाखालचो | ६ जुलै, रात्री ९:००

गोव्यातून लिहितो. 'सगळ्या मुलांना संगीत' हे आपल्याकडे कधी नव्हतंच असं वाटून घेऊ नका. पोर्तुगीज अमदानीत इथल्या चर्चच्या शाळांतून गावातल्या पोरांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गरिबाचं पोर असो, त्याला कागदावरचे स्वर वाचता येत. पुढे मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोंयकार एवढे का भरले, त्याचं उत्तर तिथे आहे. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही वादक-संयोजक मंडळी काय आकाशातून पडली नाहीत. हेतू प्रार्थनेत गाणारे तयार करण्याचा होता आणि छडीही भरपूर होती, ते सोडा. पण गायक निवडून शिकवणं आणि वाचायला-लिहायला शिकवतात तसं सगळ्यांना शिकवणं यात फरक पडतो तो असा.

---

रियाज_हवाच | ६ जुलै, रात्री ९:३०

माझाच मुद्दा झाला की. लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. भातखंडे लिपी काही अवघड नाही. कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब, समेला फुली, तालातल्या 'खाली'ला (टाळी न देण्याच्या जागेला) शून्य. पाचवीच्या मुलाला एका तासात कळेल.

आणि पेटीवर सूर पक्के करायला शिकवताय ते जरा जपून. पेटीचे बारा स्वर समान अंतराचे, आपला गंधार (ग) तिच्यात बसत नाही. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली होती ती काय उगाच?

---

तिरकिट_धा | ६ जुलै, रात्री ९:४०

आली पेटीबंदी! कुठलाही संगीताचा धागा घ्या, पंचविसाव्या प्रतिसादाच्या आत पेटीबंदी येते. रियाजभाऊ, चौघं पोरं एकाच सुरावर अडकलीत, त्यांचा गंधार अर्ध्या श्रुतीनं (केसभर) चढा लागला तर मी माणला जाऊन पेढे वाटीन.

---

सुमन_नाशिक | ७ जुलै, सकाळी ७:००

पेटीबंदीसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे भांडायला येईन.

लिपीचं रियाज म्हणतात ते बरोबर आहे, फक्त क्रम उलटा हवा. गाता येणारं गाणं लिहायला द्या. भोंडल्याचं गाणं घ्या, त्यात तीन-चारच स्वर असतात आणि मुलांना ते येतच असतं. 'हे मोबाईल नसताना मैत्रिणीला कसं पाठवशील?' असं विचारा. मुलं आपापल्या खुणा काढतात, चढउताराच्या रेघा, ठिपके. मग म्हणायचं, एका माणसानं यासाठी अशी सोय केली आहे. त्या वेळी भातखंडे कामाचे वाटतात. फळ्यावर आधीच चौकट आखून दिली की ते नुसतं आणखी एक कोष्टक होतं.

---

पेटीमास्तर | २६ जुलै, रात्री १०:१०

मंडळी, उशिरा आलो. मधे वारीची गडबड, मग चाचणी.

तिरकिटभाऊ, केरवा दोन आठवडे केला. मग दादरा, ६ मात्रा, धा धी ना, धा ती ना. आणि मग माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. सहावीचे दोन गट केले. एक गट दादरा मोजतो, दुसरा केरवा, लय एकच, आपापल्या समेला टाळी. प्रश्न असा की दोघांची टाळी पुन्हा एकदम कधी पडणार?

पहिल्यांदा नुसता गोंधळ. दुसऱ्यांदा मी मधे उभा राहून काठीनं लय दिली. पहिली मात्रा दोघांची एकत्र. मग दादरेवाले सातव्या मात्रेला, केरवेवाले नवव्याला, असे फाकत गेले. आणि पंचविसाव्या मात्रेला अख्ख्या वर्गाची एकच टाळी. खाडकन. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या.

६ आणि ८ चा लसावि २४. दादऱ्याची चार आवर्तनं, केरव्याची तीन. लसावि मी पंधरा वर्षं फळ्यावर शिकवतोय, पण 'सर, म्हणजे लसावि वाजतो?' असं कुणी विचारलं नव्हतं. विचारणारा मागच्या बाकावरचा, त्या चौघांतला. तो आता स्वतःहून झपताल आणि केरव्याचं काढून आलाय, १० आणि ८, ४० मात्रा. वर्गाला चाळीसपर्यंत टिकवायचं कसं, ते त्याचं त्यानं बघावं असं सांगितलंय.

विज्ञानाच्या तासाला बाटल्याही केल्या. काचेच्या बाटलीत पाणी वाढवत चमच्यानं वाजवलं की सूर उतरतो, तीच बाटली तोंडानं फुंकली तर पाणी वाढेल तसा सूर चढतो. पहिल्यात काच आणि पाणी मिळून थरथरतं, दुसऱ्यात वरची हवा. एका बाटलीतून दोन उलटी उत्तरं आल्यावर पाचवीत मारामारी व्हायची वेळ आली.

आता अडचण. कलेला श्रेणी द्यायचीय. लेखी परीक्षा नाही, सगळं आकारिक, म्हणजे माझ्याच नोंदींवर. जी मुलगी आधीपासून सुरेल आहे तिला अ आणि महिनाभर झगडून सा लावणाऱ्याला क?

---

जर्सीची_काकू | २७ जुलै, पहाटे ५:३०

लसावि वाजतो!! हे मी उद्या आमच्या बाईंना सांगणार.

श्रेणीचं इथे असं चालतं: आवाज चांगला की नाही याला गुण नाहीत. सूर जुळवायला जातो का, लय धरतो का, दुसऱ्याचं ऐकतो का, स्वतःचं चार मात्रांचं काही रचतो का. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची वीस सेकंदांची ध्वनिफीत करून ठेवतात, शेवटी पुन्हा. त्याचं त्यालाच ऐकवायचं.

---

सुमन_नाशिक | २७ जुलै, सकाळी ७:२०

ध्वनिफीत कराच. नोंद मात्र लगेच, तासालाच करा, महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदी सगळ्या सारख्याच होतात. 'गायनात रस घेतो' हे वाक्य मी एके वर्षी ५८ मुलींच्या नावापुढे लिहिलंय. तिथे आता 'हाकेचा सूर काळी दोन, तिथून दोन पट्ट्या चढतो' असं लिहा. तपासायला येणारे काय म्हणायचं ते म्हणोत.

आणि सहावी-सातवीच्या मुलग्यांकडे लक्ष ठेवा. एखाद्याचा आवाज फुटायला लागला असेल तर तो काल लागलेला सूर आज लावू शकणार नाही. त्याला आळशी समजू नका आणि ताणूही देऊ नका. खालच्या सुरात जे येतं ते म्हणू द्या, नाहीतर ठेका द्या हातात. हे आधीच वर्गात मोकळेपणानं सांगून ठेवलं तर आवाज चिरकला की हशा कमी पिकतो.

---

गावाकडची_आई | २७ जुलै, सकाळी १०:४५

एक पालक म्हणून विचारते. आमच्या शाळेत संगीत म्हणजे डिसेंबर. स्नेहसंमेलन जवळ आलं की स्पीकरवर गाणं लावायचं, वीस मुली निवडायच्या, नाच बसवायचा. बाकीची दोनशे मुलं खुर्च्या लावतात. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, बोलले तर म्हणतात संगीत शिक्षकाचं पदच नाही.

---

माडाखालचो | २७ जुलै, दुपारी २:१५

पद मागा ना. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी पटसंख्या शंभरच्या वर असेल तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यावा असं लिहिलेलं आहे. कागदावर आहे, एवढंच म्हणतो.

---

तिरकिट_धा | २७ जुलै, दुपारी २:४०

आणि तो निदेशक आला तर चित्रकलेचा येणार. अनुभव आहे. तोवर गावच्या भजनी मंडळाला बोलवा. पखवाज, टाळ, पेटी सगळं त्यांच्याकडे, आणि हौस एवढी की चहावर येतील. पोरांना टाळ धरायला शिकवा. टाळ हे फसवं वाद्य आहे, सोपं दिसतं, पण दाबून वाजवायचा आणि सोडून वाजवायचा यातला फरक यायला महिना जातो.

---

पेटीमास्तर | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

शेवटचा अहवाल देतो, मग एक वेगळाच प्रश्न आहे.

चौघांपैकी तिघं आता सा ते प म्हणतात. चौथा नाही म्हणत. त्याला हाक मारता येते, पण हाकेवरून पुढे सरकत नाही. लय मात्र त्याच्यासारखी वर्गात कुणाची नाही. तोच तो, झपतालवाला. सव्वीस मात्रांपर्यंत वर्ग त्याच्याबरोबर टिकतो, पुढे फुटतो. चाळीस अजून झालेल्या नाहीत.

परिपाठाला 'जय जय महाराष्ट्र माझा' रोज असतं, २०२३ला राज्यगीत झाल्यापासून. आधी स्पीकरवर लावायचो आणि पोरं त्याच्यावर ओरडायची. बाईंची परवानगी घेऊन गुरुवारी स्पीकर बंद ठेवतो. पाचवीतली मुलगी सूर देते, पट्टी मुलांची. पहिल्या गुरुवारी भीषण झालं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. आता बरं होतं. चांगलं होतं असं म्हणणार नाही.

डिसेंबरच्या स्नेहसंमेलनासाठी मात्र नाचाचीच मागणी आहे, त्यात मी हरलोय. दहा मिनिटं मागून घेतलीत, तिन्ही वर्ग मिळून भूपातलं एक गाणं आणि तो दादरा-केरवा. कुणालाही वगळणार नाही म्हटलं तर विचारलं, "सगळे? स्टेजवर मावतील का?" नाही मावणार. खाली मैदानात उभे करीन.

आता प्रश्न. शाळेच्या पेटीची काळी चारच नेमकी बोलेनाशी झालीय. दाबली की नुसती हवा, जोरात भाता मारला की किरकिरते. पाचवीची सगळी गाणी तिच्यावर. फलटणला कुणी दुरुस्त करणारा आहे का, की मिरजेलाच न्यावी लागेल?

---

सुमन_नाशिक | १४ सप्टेंबर, रात्री ९:५५

न्यायच्या आधी वरचं झाकण काढून पट्ट्यांची फळी उचला आणि त्या सुराच्या पितळी जिभेखाली बघा. बऱ्याचदा कचरा असतो. पातळ कागद हळूच सरकवून काढायचा, जीभ वाकवायची नाही. शाळेच्या पेटीत मला पेन्सिलीच्या कातरणापासून झुरळापर्यंत सगळं सापडलेलं आहे.

---

पेटीमास्तर | १५ सप्टेंबर, दुपारी १:१०

खडूचा तुकडा. चौथीवाल्यांनी कबूल केलंय.